रिकाम्या सीटवरून आलेला आवाज

जानेवारी, संक्रांतीनंतरचा पहिला शनिवार-रविवार.
ठिकाण – अमरावतीच्या बाहेर, बडनेऱ्याच्या पुढे, बंद पडलेल्या एका सूतगिरणीचं आवार आणि तिच्या मागचा मुरमाड माळ.
हजर – मी, ज्योती, वय एकोणपन्नास, राहणार जठारपेठ, अकोला. माझी नणंद कल्पना, हायस्कूलला गणित शिकवते आणि शर्यतीत माझ्या शेजारी बसून रस्ता वाचते. रफिकभाई, आमचे मेकॅनिक. वानखडे डॉक्टर, दातांचे डॉक्टर आणि आमच्या कार शर्यतींच्या क्लबचे सेक्रेटरी. शिवाय क्लबचे मेंबर, मार्शल, त्यांच्या घरची मंडळी, सतरंज्या, डबे.
गैरहजर – आमचे हे. "दुकान कोण पाहीन?" हे त्यांचं दरवर्षीचं कारण.

हजेरी आधी लिहून घेतली, कारण पुढचं लिहायला हात उचलत नव्हता. यादी केली की माझं काम सुरू होतं, ही जुनी सवय.

अशा गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर विश्वास ठेवायला वेळच नव्हता. आमचं पाइप आणि पंपसेटचं दुकान आहे. अमावस्येला लोक लिंबं ओवाळतात, आम्ही स्टॉक मोजतो. माझ्या सासूबाई संध्याकाळी झाडू मारू देत नाहीत, तेवढं मी पाळते, तेही भांडण नको म्हणून. या सदरातले अनुभव मी वाचते ते जेवण झाल्यावर, करमणूक म्हणून… आणि बहुतेक वेळा "गॅस झाला असेल" म्हणून पान उलटते. आज मीच लिहायला बसले आहे.

गाडीचं वेड मला चाळिशीनंतर लागलं. क्लबच्या नावात स्पोर्ट्स कार आहे, पण खऱ्या स्पोर्ट्स कार दोनच. त्यातली एक डॉक्टरांची, आणि ती रस्त्यापेक्षा रफिकभाईंच्या गॅरेजात जास्त असते. बाकी आम्ही सगळे जुन्या हॅचबॅकवाले. आत लोखंडी पिंजरा बसवायचा, मागची सीट काढायची, टायर बदलायचे, झालं. शर्यत म्हणजे टीव्हीवर दिसते तशी घुसाघुशी नाही. एका वेळी एकच गाडी सुटते आणि घड्याळाशी भांडते. शेजारी रस्ता वाचणारा घ्यायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

मी कल्पनाला घेतलं, कारण तिचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जातो.

शनिवारी सकाळी सगळे ड्रायव्हर ट्रॅकवरून पायी चालतात. मी चालते, कल्पना लिहिते. आमची भाषा आम्हीच बनवली आहे. काटकोनात वळायचं असेल तर "कोपरा". हलकं वळण असेल तर "वाक". अवघड जागा मागे पडली की "सुटलं". आणि एक नियम – कल्पनानं "ब्रेक" म्हटलं की ब्रेक. बघायचं नाही, विचारायचं नाही. धुळीत मला दिसत नाही, तिच्याकडे वही असते, म्हणून हा नियम. तो पायात मुरावा म्हणून आम्ही अकोल्यात एका रिकाम्या लेआउटवर, प्लॉट पाडून ठेवलेल्या जागेत, महिनोन् महिने सराव केला. मोकळ्या रस्त्यावर, मनात येईल तिथे ती ओरडायची, "वहिनी, ब्रेक!" आणि मी दाबायची. पुढे पुढे तर भाजी मंडईत ती कोणाशी बोलता बोलता "ब्रेक" म्हणाली तरी माझा उजवा पाय हलायचा.

एकदा हे सराव बघायला आले होते. म्हणाले, "सौंसारात माह्यं असं एक डाव तरी ऐकलं असतं!"

कल्पना म्हणाली, "दादा, तू योग्य जागी ब्रेक सांगतच नाहीस."

तर शनिवार छान गेला. आम्ही आमच्या गटात दुसऱ्या नंबरवर होतो. आजवर कधी पहिल्या पाचात आलो नव्हतो. रविवारच्या दोन फेऱ्या नीट झाल्या असत्या तर पहिल्यांदा नाव लागलं असतं. हे मुद्दाम लिहिते, म्हणजे पुढे सपाट रस्त्यावर मी ब्रेक दाबला तो हौसेनं नाही हे कळेल.

रविवारी सकाळी, तंबूत चहा चालू असताना ह्यांचा फोन आला. सासूबाई बाथरूममध्ये चक्कर येऊन पडल्या होत्या. दवाखान्यात नेलं होतं, शुद्धीवर होत्या, पण डोक्याचा फोटो काढायचा होता.

मी हेल्मेट बाजूला ठेवलं. कल्पनानं ते उचलून परत माझ्या हातात दिलं.

"मी जातो नं. आई माही आहे."

"माझी पण सासू आहे."

"म्हणूनच थांब. तिथं तुले पाहिलं तं पुन्हा चक्कर येईन तिले."

रफिकभाई बोनेटमध्ये डोकं घालून हसत होते. आमची गाडी काही रस्त्यानं न्यायच्या लायकीची नव्हती, म्हणून डॉक्टरांनी ओळखीच्या प्रमोदला फोन केला. त्याची भाड्याची गाडी होती. तो आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. रात्री लग्नाची वऱ्हाडी मंडळी सोडून आला होता. मी विचारलंसुद्धा, "झोप झाली का रे?"

"झाली नं काकू. दोन घंटे झाली. टकाटक हाय मी."

कल्पना पुढच्या सीटवर बसली. मागे बसली की तिला मळमळतं. जाताना काच खाली करून म्हणाली, "मागच्या लांब पट्ट्यावर पाय उचलशील तं याद राख!"

तिची वही तिनं मला दिली होती, पण गाडी चालवताना वही कोण वाचणार? रफिकभाईंनी मधला डबा, म्हणजे दोन हेल्मेटमध्ये बोलणं पोचवणारं यंत्र, सोडवून काढून ठेवला. म्हणाले, "भाभी, अकेले जा रहे तो इसका क्या काम? फालतू में वायर पैर में आएगी." माझ्या हेल्मेटची लोंबती वायर मी ड्रेसच्या गळ्यात खोचली. कल्पनाचं हेल्मेट तंबूत सतरंजीवर होतं. त्यात कोणीतरी तिळगुळाची पुडी ठेवली होती. हे सगळं मी नंतर पुन्हा पुन्हा तपासलं आहे. डबा रफिकभाईंच्या पेटीत होता. माझी वायर कशालाच जोडलेली नव्हती.

पहिली फेरी बरी झाली. ट्रॅक पाठ होता. दुसऱ्या फेरीच्या वेळी ऊन चढलं होतं, तंबूमागे जेवणासाठी गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजत होते, त्याचा धूर आवारभर होता. झेंडा पडला, मी सुटले. गेट, चिमणीला वळसा, गोदामाचा कोपरा… सगळं जमून येत होतं. हात स्वतःच चालत होते. मग तो मागचा लांब पट्टा आला. दोन्ही बाजूंना मोकळा माळ, समोर कोणी नाही, दूर टोकाला एक मार्शल पिवळं जाकीट घालून उभा. पाय पूर्ण खाली.

आणि डाव्या कानात कल्पना म्हणाली, "ट्रॉली."

मला वाटलं, मीच मनात काही म्हणाले.

"ट्रॉली आडवी, वहिनी, ब्रेक! ब्रेक! ब्रेक!"

विचार केला नाही. तो करायचाच नाही हेच तर शिकले होते. पाय गेला. गाडी मुरमावर फिरली, उलट्या तोंडानं थांबली, इंजिन बंद पडलं. समोर धुळीची भिंत. रिकाम्या सीटचा पट्टा हालत होता. गाडी फिरल्यावर हालणारच, त्यात विशेष काही नाही. विशेष हे, की आवाज संपला नव्हता.

आता तो घाबरलेला नव्हता. वही वाचताना असतो तसा सपाट होता.

"सुटलं. पुढे विहीर, डाव्या हाताला. विहिरीपासून उतार. खाली लहान पूल. पुलावर थांबू नको."

मग मार्शल धावत आला आणि काच ठोकायला लागला. "काकू, काय झालं? जनावर आलतं का मधात?"

"ट्रॉली कुठे आहे?" मी विचारलं.

त्यानं माळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "कोणती ट्रॉली?"

तंबूत आल्यावर वानखडे डॉक्टर चिडले होते. "ताई, अहो सरळ रस्त्यावर? मी इथून दुर्बिणीतून पाहत होतो. समोर चिटपाखरू नव्हतं!" रफिकभाईंनी चाकं काढून बघितली, गाडीखाली झोपून बघितलं. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "गाडी में कुछ नहीं है भाभी. ब्रेक आपनेच मारा."

"मला माहीत आहे मीच मारला."

"तो फिर क्यों मारा?"

ड्रेसच्या गळ्यात खोचलेली वायर मी ओढून बाहेर काढली. सगळ्यांना वाटलं घरची काळजी, बाईमाणूस, लक्ष उडालं. मलाही तेच वाटून घ्यायचं होतं. मी पाणी प्यायले, रोडग्याचा तुकडा मोडला, आणि फोन वाजला.

कल्पना होती. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाली, "वहिनी, आम्ही वाचलो."

ती मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्याकडेला एका टपरीच्या बाकावर बसली होती. कापसाची ट्रॉली ट्रॅक्टरसकट दुभाजकाच्या फटीतून एकदम आडवी आली होती. प्रमोदची गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. वेळ? टायमिंगच्या टेबलावर माझ्या थांबलेल्या फेरीची वेळ होती, आणि कल्पनानं टपरीवर बसून केलेल्या फोनची वेळ माझ्याकडे आहे. मधला, तिला सावरायला लागलेला वेळ धरला तर दोन्ही एकमेकींना धरून आहेत. एवढंच लिहिते, जास्त ताणत नाही.

मी तेव्हा फोनवर माझ्याकडचं काही बोलले नाही. सामान भरलं, डॉक्टरांना सांगितलं, रफिकभाईंनी टेम्पोत गाडी चढवली आणि आम्ही अकोल्याला निघालो. संध्याकाळी दवाखान्यात पोचले तेव्हा सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. फोटोत काही निघालं नव्हतं. मला पाहून पहिलं वाक्य, "आली का शर्यत करून?" म्हणजे तब्येत बरी होती.

कल्पना मला बाहेर घेऊन गेली. फाटकाशी प्रमोद उभा होता. त्याला जा म्हटलं तरी गेला नव्हता. चहाचा कप हातात गार झालेला.

"याचं ऐक," कल्पना म्हणाली. "मले सांगतलं ते वहिनीले सांग."

प्रमोद माझ्याकडे बघेना. "काकू, खरं सांगतो, मी झोपलो होतो. डोयेच लागले होते माहे. ताई वरडल्या तवा उघडले. ट्रॉली इथं होती." त्यानं चहाचा कप स्वतःच्या नाकासमोर धरला. "अन् गाडी थांबून राह्यली होती. माहा पाय ब्रेकवर नोता काकू. सीटखाली दुमडेल होता. मी पाह्यलं नं… पेडल खाली गेलं होतं. आपोआप. मंग वर आलं."

"झोपेत पाय जातो रे. सवयीनं," मी म्हणाले.

"तसंच असन." तो पटकन म्हणाला, आणि मग हळू, "पण मंग मले पाय दुमडेल काहून दिसला?"

कल्पना म्हणाली, "मी काय ओरडले माहीत आहे का वहिनी? 'वहिनी, ब्रेक!' या प्रमोदला मी वहिनी म्हटलं! सवय बघ ना." ती हसायला लागली आणि हसता हसता रडली.

तिथं, फाटकाशी, मी तिला माझ्याकडचं सांगितलं. ट्रॉली, ब्रेक, माळ.  तिनं माझ्या उजव्या पायाकडे पाहिलं… जणू तो तिच्या ओळखीचा होता. प्रमोदनं कप कठड्यावर ठेवला आणि पैसे न घेता निघून गेला. पैसे ह्यांनी दुसऱ्या दिवशी पोचवले.

आता स्पष्टीकरणं. मी सगळी मांडून पाहिली. घरची काळजी डोक्यात होती, म्हणून भास. ठीक. प्रमोदचा पाय झोपेत सवयीनं गेला. ठीक. त्याची गाडी जुनी, आपोआप ब्रेक लागणारं काही तिच्यात नाही, हे रफिकभाईंनी स्वतः जाऊन पाहिलं. तेही ठीक. दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडल्या, योगायोग. पण भासाला "ट्रॉली" हा शब्द कुठून मिळाला? सूतगिरणीच्या माळावर ट्रॉलीचा काय संबंध?

रफिकभाईंना शेवटी मी खरं सांगितलं. ते स्पॅनर पुसत राहिले. म्हणाले, "भाभी, आपका ब्रेक था, गाडी किसी और की थी. बस. इसको खोल के मत देखो." मेकॅनिक माणूस, आणि खोलून बघू नका म्हणाला!

मी विसरलेही असते. खरंच. वाचली, देवाची कृपा, नारळ फोडला, पुढे चला. पण ते शेवटचे शब्द आहेत ना.

फाटकाशी मी कल्पनाला ब्रेकपर्यंतचं सांगितलं आणि मग विचारलं, "ब्रेकनंतर तू काय म्हणालीस?"

"काही नाही. दाराला धरून बसले होते."

"'सुटलं' म्हणालीस का?"

"सुटलं? नाही गं. कशाला म्हणीन?"

"विहीर, पूल, असं काही?"

"तिथं कुठली विहीर? चौपदरी रस्ता आहे वहिनी." मग तिनं डोळे बारीक केले. वर्गात उत्तर चोरणाऱ्या मुलाकडे बघते तसे. "काहून? तुला अजून काही ऐकू आलं का?"

"नाही. तेवढंच."

तिला मी तेवढंच सांगितलं. तिला या उन्हाळ्यानंतर नव्या शाळेत रुजू व्हायचं आहे. बदलीची ऑर्डर यायची आहे, गाव अजून ठरलेलं नाही. रोज स्कूटरनं जाणार. आधीच त्या दिवसापासून ट्रॅक्टर दिसला की ती रस्त्याच्या कडेला उतरून उभी राहते. अशा बाईला मी काय सांगू? तुझ्याच आवाजात, तू न म्हटलेला रस्ता मी ऐकला आहे?

कारण तो रस्ताच होता. आमच्या वहीतली भाषा होती. आधी ट्रॉली, ती खरी निघाली. मग "सुटलं", तेही खरं. मग विहीर, उतार, लहान पूल. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या असतील तर उरलेल्या कुठे आहेत?

म्हणून मी रस्ते बघायला लागले. मूर्तिजापूरची ती जागा आधी पाहिली. तिथून पुढे बोरगावपर्यंत घरची गाडी हळू चालवत नेली. डावीकडे ढाबे, कापसाचं जिनिंग, शेतं. विहिरी आहेत, पण रस्त्यापासून आत, आणि उतार नाही. मग कल्पनाला ज्या ज्या बाजूला शाळा मिळू शकते त्या बाजू घेतल्या. बाळापूरचा रस्ता झाला. पातूरकडचा झाला. तिकडे उतार आहेत, पूल आहेत, विहीर उजवीकडे निघाली. देवदर्शनाचं निमित्त करून आडबाजूचे फाटेही पाहिले. एका ठिकाणी विहीर डावीकडे, पुढे उतार… मी गाडी हळू केली. खाली पूल नव्हता, नुसता सिमेंटचा पाइप टाकलेला होता. मी गाडीतून उतरून तो पाइप हातानं चाचपून पाहिला. शेजारच्या शेतातली बाई वांगी तोडत होती. तिनं विचारलं, "काय हारपलं जी बाई?"

"काही नाही," म्हणत मी गाडीत बसले.

झोप नीट लागत नाही असं म्हणणार नाही, लागते. पण बसवत नाही. दुकानात बिल लिहिता लिहिता उठते, पाणी पिते, परत बसते. रिकाम्या लेआउटवर सराव बंद आहे. डॉक्टरांचा फोन येतो, पुढच्या शर्यतीचं काय? कल्पना म्हणते जाऊ. मी म्हणते बघू. गाडीत ती शेजारी बसली की तिच्या तोंडाकडे लक्ष जातं. ती काही बोलायला लागली की आधी मला ऐकायचं असतं, हा आवाज घाबरलेला आहे की सपाट. घाबरलेला असला की मला बरं वाटतं.

या सदराचे वाचक अकोला-अमरावतीत पुष्कळ आहेत. तुमच्यापैकी कोणाच्या रोजच्या रस्त्यावर, जाताना डाव्या हाताला विहीर, तिथूनच उतार, आणि उताराच्या पायथ्याशी लहान पूल असेल, तर मला कळवा. वऱ्हाडात असे रस्ते शेकडो निघतील, माहीत आहे. तरी कळवा. आणि त्या पुलावर कधी काही झालं आहे का, तेही. भुताखेताची गोष्ट नको. पाणी येतं का, कठडा तुटला आहे का, वळणावरून गाड्या दिसत नाहीत का, असं काही. मला उपयोगी पडेल असं.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. मिळेल असंही वाटत नाही आणि आता ते मी शोधतही नाही. मी फक्त पूल शोधते आहे.

दर्यापूरकडचा रस्ता बघायचा राहिला आहे. तो मला एकटीनं बघायचा आहे, कल्पनाला न घेता. पण तिला माझ्या या फिरण्याचा सुगावा लागला आहे. प्रत्येक रविवारी मी गाडी बाहेर काढते तेव्हा ती घराच्या फाटकात उभी असते. पर्स खांद्याला, केस बांधलेले. "एकटी कुठं जातेस वहिनी? मी बसतो नं शेजारी, रस्ता सांगाले." मग मी काहीतरी कारण काढून गाडी परत आत घेते. गेले तीन रविवार हेच चाललं आहे. दर्यापूरचा रस्ता अजून तसाच राहिला आहे.